कलिंगड-पुदिना मोहितो घरच्या घरी: मापं, चुका आणि इतर फळं

खडीसाखर | १२ एप्रिल, रात्री ९:४०

मोहितो मूळचा क्यूबाचा. पांढरी रम, लिंबू, साखर, पुदिना आणि सोडा, बस्स. त्यात फळ घालायचं ठरवलं की घरोघरी एकच चूक होते. मूळ मापं तशीच ठेवून वरून फळाचा रस ओतला जातो आणि मग पेय गोडमिट्ट किंवा पाणचट लागतं. फळ येताना पाणी, साखर आणि आंबटपणा घेऊन येतं. ते जे आणतं तेवढं मूळ मापातून कमी करायचं आणि जे आणत नाही ते वाढवायचं. एवढं सांभाळलं तर कुठलंही फळ चालतं.

सध्या कलिंगड चांगलं मिळतंय, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. हे माप ३५० मिलीच्या एका उंच ग्लासाचं आहे.

कलिंगडाचा गाळलेला रस ७५ मिली (बिया काढलेल्या फोडी साधारण १०० ग्रॅम)
पांढरी रम ४५ मिली
लिंबाचा रस २० मिली
साखरेचा पाक १५ मिली, कलिंगड फार गोड असेल तर १०
पुदिन्याची ८-१० पानं आणि वर खोचायला एक शेंडा
मीठ, दोन बोटांच्या चिमटीत जेमतेम येईल इतकं
थंडगार सोडा ६० मिली
बर्फ, ग्लास काठोकाठ भरेल इतका

पाकासाठी १०० ग्रॅम साखर आणि १०० मिली पाणी मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ठेवा. उकळत ठेवून एकतारीकडे नेऊ नका, दाट पाक थंड पेयात तळाला जाऊन बसतो. एवढ्यात साधारण १६० मिली पाक होतो आणि फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज टिकतो.

आता कृती. ग्लासात पुदिना, पाक आणि लिंबाचा रस घ्या. लाटण्याच्या टोकाने पानं चार-पाच वेळा दाबा, दर वेळी टोक किंचित फिरवा. पुदिन्याचा वास नाकाला जाणवला की थांबा. पानं अख्खी दिसली पाहिजेत, फक्त मऊ पडलेली. मग रम, कलिंगडाचा रस आणि मीठ घालून हलवा. बर्फ वरपर्यंत भरा. सोडा ग्लासाच्या कडेने हळू सोडा, लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला. जास्त ढवळलं की सोडा मेला. पुदिन्याचा शेंडा दोन तळव्यांत एकदा टाळी वाजवल्यासारखा दाबून स्ट्रॉच्या अगदी शेजारी खोचा. तो शोभेसाठी नाही. पिताना नाक त्याच्यावर येतं आणि पुदिन्याची निम्मी चव त्या वासातूनच येते.

मोजायला पेगमेजर नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं ५-१०-१५ मिलीच्या खुणांचं टोपण स्वच्छ धुऊन वापरा. अंदाजाने ओतलेला लिंबाचा रस कधी १० मिली असतो तर कधी ३० आणि इथे सगळा खेळ लिंबाचाच आहे.

---

अनारदाणा | १२ एप्रिल, रात्री १०:१५

कृती आवडली. दोन प्रश्न. पुदिना काळपट का पडतो? आणि पेय कडू का होतं? पानं खलबत्त्यात व्यवस्थित वाटून घेतली, तरी दोन्ही झालं.

---

रसशाळा | १२ एप्रिल, रात्री १०:५०

@अनारदाणा, वाटून घेतली म्हणूनच दोन्ही झालं. पुदिन्याचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं. त्या फुटायला नुसता दाब पुरतो. पान फाटलं किंवा वाटलं गेलं की आतल्या पेशी फुटतात, त्यातला गवतासारखा कडवटपणा बाहेर येतो आणि हवेशी संबंध आला की विकरांमुळे पान तपकिरी-काळं पडतं. कापलेलं सफरचंद किंवा वांगं काळं पडतं तीच क्रिया.

म्हणून पानं कोरडी दाबण्यापेक्षा लिंबाच्या रसात आणि पाकात बुडवून दाबायची. आंबटपणामुळे ती क्रिया मंदावते.

कडवटपणाला आणखी दोन कारणं असतात. एक म्हणजे लिंबाच्या अख्ख्या फोडी ग्लासात टाकून चेचणं. सालीतलं तेल थोडं छान लागतं, पण पांढरा भाग आणि बिया चेचल्या गेल्या की तो कडूपणा साखरेने जात नाही. रस वेगळा काढून गाळून घ्या. दुसरं म्हणजे पुदिन्याचे जून देठ आणि तुरे आलेल्या काड्या. कोवळे शेंडे देठासकट चालतात, खालचा जाड देठ नको.

आणि खलबत्ता या कामाला नकोच. त्यात मुरलेला लसणाचा वास रमला लागतो.

---

सोडावॉटर | १३ एप्रिल, सकाळी ७:३०

सोड्याबद्दल भर घालतो. वायू थंड पाण्यात जास्त विरघळून राहतो, कोमट पाण्यातून पळतो. सोड्याची बाटली बाहेर ठेवून बर्फावर ओतली तर फेस भसाभस येतो आणि ग्लासात उरतं नुसतं पाणी. बाटली आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये विसरू नका, फुटते. कलिंगडाचा रस, रम आणि पाकही थंडच हवेत. सगळं थंड असेल तर बर्फ कमी वितळतो आणि ६० मिली सोडा पुरतो.

चार जणांसाठी दोन लिटरची बाटली आणू नये. लहान बाटल्या आणाव्यात, उघडली की संपवावी.

बर्फाचंही तसंच. चुरा केलेला बर्फ दिसतो छान, पण पाच मिनिटांत पेय पातळ करतो. फळांच्या मोहितोत आधीच रसाचं पाणी आहे, तेव्हा मोठे खडे वापरा आणि ग्लास अर्धा नाही, पूर्ण भरा. बर्फ कमी घातला तर पेय कमी पातळ होईल असं वाटतं, होतं उलट. दोन खडे पेय थंड करता करता संपून जातात. आणि फ्रीझरमध्ये उघड्या ट्रेमधल्या बर्फाला मासे, आलं-लसूण पेस्ट असे सगळे वास लागतात. डब्यात झाकूनच लावा.

---

मीठमिरची | १३ एप्रिल, सकाळी ९:०५

पाकाऐवजी पिठीसाखर चालेल का? पटकन विरघळते.

---

खडीसाखर | १३ एप्रिल, सकाळी ९:२०

@मीठमिरची, विकतच्या पिठीसाखरेत बऱ्याचदा कॉर्नफ्लोअर असतं, त्याने पेय गढूळ होतं आणि जिभेवर पीठ लागतं. घरी मिक्सरवर केलेली असेल तर चालेल, सपाट दोन चमचे.

साधी साखर वापरायची असेल तर लिंबाचा रस घालून ती आधी पूर्ण विरघळवा, मगच रम आणि बर्फ. थंड रममध्ये साखर विरघळत नाही, तळाशी कचकच राहते आणि शेवटचा घोट सरबतासारखा लागतो. शिवाय साखरेचे दाणे पुदिना दाबताना पानांना ओरखडे पाडतात, म्हणून साखर घेतली तर हात आणखी हलका ठेवावा.

---

दर्यावर्दी | १३ एप्रिल, दुपारी १:१०

कुठली रम घ्यावी? घरी ओल्ड मंक आहे.

---

रसशाळा | १३ एप्रिल, दुपारी १:३५

काळ्या रमचा व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास पुदिन्याला पूर्ण झाकतो. ती अननसाबरोबर किंवा संत्र्याबरोबर छान जुळते, कलिंगडाबरोबर नाही आणि रंगही विटकरी होतो. इथे पांढरीच हवी. व्होडका चालते, पण चव जरा पोकळ लागते, कारण उसाच्या रमची हलकी गोडी त्यात नसते. जिनबरोबर पुदिना चांगला जमतो, फक्त तेव्हा पाक ५ मिली कमी करा.

कडकपणाचा हिशोब एकदा लक्षात ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक रम ४२.८ टक्क्यांच्या असतात. ४५ मिलीत निव्वळ मद्यार्क साधारण १९ मिली. वितळलेला बर्फ धरून वरच्या कृतीतलं पेय २४५ मिलीच्या आसपास भरतं, म्हणजे जवळपास ८ टक्के. स्ट्राँग बियरएवढंच. पण कलिंगडामुळे ते सरबतासारखं लागतं आणि दुसरा ग्लास पहिल्यापेक्षा लवकर संपतो. पाहुण्यांना आधी सांगून ठेवावं. गाडी चालवणाऱ्याला बिनमद्याचाच द्यावा. आणि महाराष्ट्रात रम-व्होडकासाठी वय २५ पूर्ण लागतं, परवानाही लागतो, हे तरुण पाहुण्यांच्या बाबतीत ध्यानात असू द्या.

---

तळकोकण | १३ एप्रिल, संध्याकाळी ६:४५

गोव्याकडे आणि सिंधुदुर्गात आत्ता हुर्राकाचा हंगाम चालू आहे, त्याचं नाव निघालं नाही म्हणून लिहितोय. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या वाफेला जो उतरतो तो हुर्राक. तो पुन्हा भट्टीत घालून काढली की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हुर्राक सौम्य असतो, साधारण १५ टक्के, भट्टीगणिक कमीजास्त. मार्च ते मे एवढाच मिळतो आणि फेणीसारखा वर्षानुवर्षं ठेवता येत नाही.

रूढ पद्धत अशी: हुर्राक, लिम्का किंवा लिंबू-सोडा, अर्धं लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. पुदिना मूळ पद्धतीत नाही, पण घातला तर चांगला लागतो. ९० मिली हुर्राक, १५ मिली लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, पुदिन्याची फक्त ४-५ पानं, अर्धी मिरची, १०० मिली सोडा. लिम्का घातली तर पाक अजिबात नको, साधा सोडा असेल तर १० मिली पाक. मिरची बी काढून घाला आणि दोन मिनिटांनी बाहेर काढा. मद्यार्कात तिखट फार लवकर उतरतं, दहा मिनिटं राहिली तर पिववत नाही.

यात फळ घालायचं तर अननस किंवा पेरू. कलिंगड नको, काजूच्या वासापुढे त्याचा पत्ताच लागत नाही. फेणी वापरायची तर ३० मिलीच्या वर जाऊ नका, तीही ४२.८ टक्क्यांचीच आणि वास चौपट.

---

अनारदाणा | १३ एप्रिल, रात्री ८:२०

पेरूचं माप द्याल का? आणि बाकी फळांचीही एकत्र मिळाली तर बरं होईल.

---

खडीसाखर | १३ एप्रिल, रात्री ९:३०

देतो. सगळीकडे रम ४५ मिली, पुदिना ८-१० पानं आणि सोडा ग्लास भरेल इतका, हे कायम. बदलतात ते लिंबू आणि पाक.

स्ट्रॉबेरी: मध्यम चार, लाटण्याने ग्लासातच चेचा. फळ आधी चेचायचं, पुदिना नंतर. एकत्र चेचलं तर फळाला लागणारा जोर पुदिन्यावर पडतो आणि वर सांगितलेला कडूपणा येतो. लिंबू १५ मिली, पाक २०. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हंगामाच्या सुरुवातीला आंबट असते, तेव्हा लिंबू १० वर आणा.

अननस: ६० ग्रॅम, मधला दांडा काढून मिक्सरवर फिरवून गाळलेला. लिंबू १५, पाक १०. अननसाच्या रसाला फेस फार येतो. गाळून दहा मिनिटं स्थिर ठेवा, फेस चमच्याने काढा, नाहीतर सोडा घालताच ग्लास उतू जातो.

हिरवी द्राक्षं: १०-१२, अर्धी कापून चेचलेली. गोडी भरपूर, म्हणून लिंबू २५, पाक ५. कधी पाक लागतही नाही. सगळ्यात सोपं फळ हेच आणि नवशिक्यांनी इथून सुरुवात केली तर पहिलाच ग्लास जमतो.

पेरू: गुलाबी गराचा, पिकलेला, अर्धा. ५० मिली पाणी घालून मिक्सरवर अगदी थोडा फिरवा. बिया भरडल्या गेल्या तर रवाळ होतं. गर चाळणीतून काढा. लिंबू २०, पाक १५, ग्लासाच्या काठाला मीठ-तिखट. हुर्राकाबरोबर पेरू वापरायचा तर मद्य @तळकोकण यांच्या मापाने घ्या, पाक निम्मा करा.

कैरी: उकडलेल्या कैरीचा गर दोन मोठे चमचे, लिंबू बिलकुल नाही, पाक ३०. पन्ह्याची चव जमली की समजावं माप बरोबर आहे. वेलची घालू नका, पुदिन्याशी भांडते.

डाळिंब: रस मिक्सरवर काढला तर बियांचा तुरटपणा उतरतो. दाणे पिशवीत घालून लाटणं फिरवा आणि गाळा. ६० मिली रस, लिंबू १५, पाक १०.

हापूस मी मुद्दाम यादीत घेत नाही. आमरस दाट असतो, सोड्याबरोबर वर जाड फेस धरतो आणि खाली गाळ राहतो. पुदिनाही त्यात बुडून जातो. आंबा नुसता खावा.

---

जांभूळपाखरू | १४ एप्रिल, सकाळी १०:१०

जांभूळ राहिलं. आठ-दहा टपोरी जांभळं, हाताने कुस्करून बिया काढायच्या, मिक्सर नको. लिंबू १५, पाक २५, सैंधव किंवा काळं मीठ एक चिमूट. जांभळाचा तुरटपणा साखरेपेक्षा मिठाने जास्त कमी होतो, म्हणून मीठ विसरू नका.

रंगाची एक गंमत आहे. जांभळाचा रंग आंबटात गुलाबी-लाल दिसतो आणि आंबटपणा उतरला की जांभळा-निळसर होतो. काही सोड्यांमध्ये सोडियम बायकार्बोनेट असतं. तो ओतल्यावर रंग मळकट झाला तर लिंबाचे पाच मिली आणखी घाला, लगेच खुलतो. लेबलवर फक्त पाणी आणि कार्बन डायऑक्साइड लिहिलेला सोडा मिळाला तर हा प्रश्न येत नाही.

कोकम घालणाऱ्यांनी आगळ आणि अमृत कोकम यांत घोटाळा करू नये. आगळात भरपूर मीठ असतं, त्याचे १० मिली पुरतात आणि वरून मीठ घालायचं नाही. अमृत कोकम गोड असतं, ते ३० मिली घेतलं तर पाक शून्य.

---

मीठमिरची | १४ एप्रिल, दुपारी १२:४०

शनिवारी आठ जण येणार आहेत. कलिंगडाचाच करायचा आहे. प्रत्येक ग्लास वेगळा करणं शक्य नाही. जगमध्ये करून ठेवता येईल का? किती आधी?

---

रसशाळा | १४ एप्रिल, दुपारी १:३०

@मीठमिरची, येईल, पण तीन टप्प्यांत.

आठ ग्लासांसाठी रम ३६० मिली, म्हणजे बरोबर दोन क्वार्टर. कलिंगडाचा गाळलेला रस ६०० मिली, त्यासाठी पाऊण ते एक किलो गर लागेल, म्हणून दोन किलोच्या आतबाहेरचं फळ आणा. पाक १२० मिली, लिंबाचा रस १६० मिली. आपलं कागदी लिंबू १५ ते २० मिली रस देतं, तेव्हा दहा-बारा लिंबं जवळ हवीत. फ्रिजमधली लिंबं आधी बाहेर काढून ओट्यावर तळव्याने लोळवा, रस जास्त निघतो.

सकाळी किंवा तीन-चार तास आधी: रम, पाक आणि कलिंगडाचा रस जगमध्ये एकत्र करून झाकून फ्रिजमध्ये. रस थोडा खाली बसेल, ढवळला की झालं.

पाहुणे यायच्या अर्धा-पाऊण तास आधी: लिंबाचा रस आणि अर्धा छोटा चमचा मीठ. लिंबाचा रस सकाळीच काढून ठेवू नका, त्याचा ताजेपणा काही तासांत जातो आणि मागे कडसर चव राहते. मग पुदिन्याची ७०-८० पानं थोड्याशा पाकात हलकी दाबून जगमध्ये टाका, पंधरा-वीस मिनिटांनी गाळणीने काढून घ्या. तासन्‌तास राहिली तर पानं काळी पडतात आणि जगाला उकळलेल्या पाल्याचा वास लागतो.

वाढताना: ग्लास बर्फाने भरा, जगमधलं १५५ मिली घाला, वर ६० मिली सोडा, पुदिन्याचा ताजा शेंडा. सोडा आणि बर्फ जगमध्ये कधीही घालू नका. तिसऱ्या माणसाला वाढेपर्यंत पेय मवाळ झालेलं असतं.

---

सोडावॉटर | १४ एप्रिल, दुपारी २:०५

+१. माझ्याकडून इतकंच की बर्फ कमी पडतो, दरवेळी. आठ जणांना दोन-दोन ग्लास धरले तर तीन-चार किलो लागतो. घरच्या ट्रेवर विसंबू नका, पिशवी आणा.

---

दर्यावर्दी | १४ एप्रिल, संध्याकाळी ७:१५

मद्य न घेणाऱ्यांसाठी नुसती रम वगळली तर गोड सरबत होतं. त्यात काय घालावं?

---

खडीसाखर | १४ एप्रिल, संध्याकाळी ७:५०

रम गेली की तिची धगही जाते आणि गोडी उघडी पडते. पाक एक तृतीयांशाने कमी करा, म्हणजे १५ चा १० मिली. आल्याचा रस अर्धा छोटा चमचा घाला, घशाला ती धग परत मिळते. आणि रमच्या जागी ४५ मिली ग्रीन टी घ्या, गार पाण्यात पाने दोन-तीन तास भिजवून गाळलेला. गरम पाण्याचा केला तर तुरटपणा जास्त होतो. मीठ साध्याऐवजी काळं वापरा. लहान मुलांना द्यायचं असेल तर ग्रीन टी वगळून सोडाच वाढवा. बिनमद्याचा जग वेगळ्या रंगाचा ठेवा, दोन्ही पेयं दिसायला अगदी सारखी असतात.

---

अनारदाणा | १५ एप्रिल, सकाळी ८:३०

पुदिन्याची जुडी दोन दिवसांत काळी पडते. शनिवारपर्यंत टिकवायची तर? आणि पुदिन्याचा हिरवा पाक करून ठेवावा का?

---

जांभूळपाखरू | १५ एप्रिल, सकाळी ९:००

जुडी आणल्यावर धुऊन पिशवीत कोंबली की सडते, कारण पानांवर पाणी राहतं. न धुता रबर सोडा, पिवळी पानं काढा, देठांची टोकं कापून काड्या पाण्याच्या ग्लासात उभ्या ठेवा, वरून प्लॅस्टिकची पिशवी सैलसर टोपीसारखी घाला आणि फ्रिजच्या दारात ठेवा. पाणी दोन दिवसांनी बदला. पाच-सहा दिवस उत्तम राहतो. वापरायच्या वेळी धुवा. मलूल झाला असेल तर दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात बुडवा, शेंडे ताठ होतात.

हिरवा पाक करता येतो. ४० ग्रॅम पानं उकळत्या पाण्यात फक्त १५ सेकंद, लगेच बर्फाच्या पाण्यात, पिळून २०० मिली थंड पाकाबरोबर मिक्सरवर, बारीक गाळणीतून गाळा. काळं पाडणारी विकरं त्या १५ सेकंदांत निकामी होतात, म्हणून हा पाक आठवडाभर हिरवा राहतो. पण लिंबाबरोबर मिसळून ठेवला तर आंबटाने हिरव्याचा शेवाळी रंग होतो. ग्लासातच मिसळा. आणि कलिंगडाच्या लाल रसात हिरवा पाक घातला की रंग तपकिरी दिसतो, चव कितीही चांगली असली तरी. हा पाक हिरव्या द्राक्षांसाठी किंवा कैरीसाठी ठेवा.

---

मीठमिरची | १५ एप्रिल, सकाळी ९:४०

म्हणजे शनिवारी कलिंगडाच्या जगला ताजी पानं आणि बिनमद्याच्या जगमध्ये हिरवा पाक घालून द्राक्षं. रंगही वेगळे राहतील. द्राक्षांच्या जगला लिंबू किती?

---

खडीसाखर | १५ एप्रिल, सकाळी ९:५५

ग्लासामागे २५ मिलीच, हिरवा पाक ५ मिली. चाखून बघा आणि बर्फ घालण्याआधी ते किंचित जास्त आंबट, किंचित जास्त गोड लागलं पाहिजे. थंडाव्याने आणि वितळलेल्या पाण्याने दोन्ही उतरतात. द्राक्षं रात्रीच निवडून धुऊन फ्रिजमध्ये ठेवा, थोडी फ्रीझरमध्ये टाका. ती बर्फासोबत ग्लासात घातली की पेय पातळ न होता थंड राहतं.